वाटाड्याचा आवाज

एका जुन्या कॉम्प्युटर गेममधल्या वाटाड्याचा आवाज माझा आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या नाटकाच्या ग्रुपातल्या कुणाला नाही. तो आवाज माझ्या मित्राचा आहे असंच सगळे समजतात. मित्राची मुलगी तर त्या आवाजावर मोठी झाली. तुझे वडील कसे बोलायचे गं, असं कुणी विचारलं की ती तो गेम लावून दाखवायची.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होतो. तो मशिन शॉपला, मी स्टोअरमध्ये. ऐंशीच्या दशकात कारखान्यांच्या नाट्यस्पर्धा जोरात असत. दरवर्षी आमचं नाटक बसायचं आणि दरवर्षी मुख्य भूमिका त्याची असायची. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल टाकायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि त्याच्या वाक्यांच्या जरा पुढे चालत राहायचं. प्रॉम्प्टरला वाक्यं नुसती पाठ असून भागत नाही. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्याच्या श्वासावरून कळावं लागतं. इतकी वर्षं मी त्याचा श्वास ऐकत बसलो, की त्याचा आवाज हळूहळू माझ्या गळ्यात येऊन राहिला. चहाच्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायचो. पोरं खिदळायची. तोही हसायचा.

"अरे, माझ्यापेक्षा तूच बरा करतोस. पुढच्या वर्षी तू जा पुढे, मी बसतो विंगेत."

तो हे गमतीत म्हणायचा. मी ते गमतीत घेत नव्हतो.

तो बदलापूर गावातला, शेतकऱ्याच्या घरचा. आईशी, भावांशी गावचंच बोलायचा. स्टेजवर गेला की मात्र भाषा अशी स्वच्छ धुतलेली, की परीक्षक विचारायचे, "मूळचे पुण्याचे का?" माझ्या घरी सगळे पुस्तकासारखं बोलणारे. वडील शिक्षक, आई शिक्षिका. आणि बक्षीस त्याला. हे मला खुपायचं. आज लिहायलाच बसलोय, तर हेही लिहितो.

आमच्या नाटकांचे कपडे उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे शिवून घेत असू. शेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्याने खालच्या गाळ्यात भाच्यासाठी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. भाचा प्रोग्रामिंग शिकून आलेला, हुशार, तोंडाने फटकळ. त्याने मुलांसाठी एक गेम बनवला. एक किल्ला, त्याचे दरवाजे, आणि मुलांना वर नेणारा एक वाटाड्या. प्रत्येक दरवाज्याशी वाटाड्या थांबायचा, त्या दरवाज्याची गोष्ट सांगायचा आणि मग एक हिशेब घालायचा. उत्तर बरोबर आलं की दरवाजा उघडायचा. चुकलं की वाटाड्या खंदकात. मराठी शाळा तेव्हा कॉम्प्युटर घ्यायला लागल्या होत्या, म्हणून गेम मराठीत.

तोवर आम्हाला व्हिडिओ गेम म्हणजे स्टेशनबाहेरच्या पार्लरमधली पेटी माहीत. तिच्यात माणूस बोलायचाच नाही. मेला तरी नुसतं 'ट्यँव' व्हायचं. गेममध्ये नटाचं काय काम, असं मला वाटलं. शेठ म्हणाला, "साईं, तुम्हारा हीरो किधर है? उसको बुलाओ. आवाज चाहिए, आवाज."

स्टुडिओ कुठला असायला! कारखान्यामागे एक खोली होती, तिच्यात डेनिमचे तागे छतापर्यंत रचलेले असत. त्या ताग्यांच्या मधोमध स्टूल आणि माइक. कापड आवाज पिऊन टाकायचं, खोली अगदी गप्प असायची. पण माल शिवायला गेला की तागे कमी, की लगेच आवाज घुमायला लागे. भाचा म्हणायचा, जीन्स खपली की रेकॉर्डिंग बिघडतं. आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, म्हणून आम्ही शुक्रवारी जायचो. मी सोबत म्हणून. सवयीने संहिता माझ्याच हातात.

पहिल्या दिवशी मित्राने स्टेजवर बोलतात तसं वाक्य फेकलं, थेट शेवटच्या रांगेपर्यंत. भाच्याने कानावरचे हेडफोन ओढून काढले. "अंकल, बच्चा इधर बैठा है! कल्याण में नहीं बैठा!"

मित्र ओशाळून हसला. मग स्टूल माइकच्या जवळ ओढलं. मला म्हणाला, "हे वेगळं आहे रे. नाटकात वाक्य एकदा म्हटलं, गेलं. हे पोरगं तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकणार. सगळं एकदम देऊन टाकलं तर दुसऱ्या खेपेला ऐकायला काय उरणार?"

तिथून पुढे तो खालच्या पट्टीत, काही तरी हातचं राखून बोलायला लागला. समोर दुसरा नट नाही. आधीचं वाक्य कुठलं, नंतरचं कुठलं, पत्ता नाही. भाचा सांगेल तो तुकडा म्हणायचा. तरी त्याच्या डोळ्यांसमोर एक मूल असायचं, हे दिसायचं. आज माझा मुलगा गेम खेळतो, त्यातली माणसं खऱ्या माणसांसारखी बोलतात आणि तो जुन्या गेममधल्या आवाजांची टिंगल करतो. मी ऐकत असतो. वाईट आवाज का वाईट लागतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. बोलणाऱ्याच्या समोर कुणी नसतं म्हणून.

त्या पावसाळ्यात मित्राचा घसा बसला होता तो सुटेना. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. कुणी ज्येष्ठमध दिला, कुणी हळदीचं दूध सांगितलं. दसरा झाला तरी आवाजाची खरखर तशीच. वाटाड्याचं सगळं बोलणं त्याने त्याच खरखरत्या आवाजात रेकॉर्ड केलं. काम संपलं त्या शुक्रवारी, दुकानाच्या पायऱ्या उतरताना, त्याने मला सांगितलं.

"गाठ आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार म्हणतात."

मी पायरीवरच थांबलो.

"तोंड काय पाडतोस? जिवंत तर ठेवणार आहेत," तो म्हणाला. "बरं झालं हे काम आलं. पोरगी लहान आहे, माझं एकही नाटक तिच्या लक्षात राहायचं नाही. हे राहील तिच्याजवळ."

हे मला माहीत होतं. पुढचं सगळं मी हे माहीत असताना केलं.

तो हॉस्पिटलात असताना शेठचा निरोप आला. गेलो. भाच्याने रेकॉर्डिंग लावून दाखवलं. "आवाज फटा हुआ है. सौ साल का बुड्ढा लगता है. स्कूलवाले नहीं लेंगे." शेठ म्हणाला, दुसरा माणूस आणा, दिवाळी तोंडावर आहे.

मी म्हणालो, "दुसरा कशाला? त्याचाच आवाज काढतो मी."

आणि तिथेच उभ्या उभ्या काढून दाखवला. आजारी पडायच्या आधीचा, स्टेजवरचा. शेठने टाळी दिली. "अरे, ये तो वही है!"

मनाशी मी म्हटलं, परका कुणी येऊन बसला तर मित्राचं त्यात काहीच उरणार नाही, निदान त्याची ढब तरी राहील. हे खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं, की इतक्या वर्षांनी कुणी तरी मला विंगेतून पुढे बोलावत होतं.

तागे निम्मे शिवायला गेलेले. मी बोललो तेव्हा खोली किंचित घुमत होती. भाच्याच्या पद्धतीत प्रत्येक वाक्याची फाइल ठरलेली. नवं वाक्य त्याच नावाने ठेवलं की जुनं आपोआप पुसलं जायचं. सुरू करण्याआधी त्याने मला विचारलं, "पुराना कैसेट में निकाल के रखूँ क्या? अंकल को चाहिए होगा."

मी म्हणालो, "नको."

कुठलीही अडचण नव्हती. कॅसेट दुकानात पडलेल्या होत्या. जुनं राहिलं तर कधी तरी कुणी दोन्ही शेजारी ठेवून ऐकेल, एवढीच भीती. तो एक शब्द मी इतकी वर्षं गिळून बसलोय.

शेवटी खंदकात पडतानाच्या आरोळ्या राहिल्या. मी तयारच होतो. भाचा म्हणाला, "वो रहने दो. गिरने में फटा आवाज चलता है. मजा आता है." म्हणून त्या तेवढ्या मित्राच्या राहिल्या. वाटाड्या शुद्ध बोलत असला तरी पडताना मित्राच्या तोंडून गावचीच भाषा निघाली होती. "आगो आयऽऽ!" आणि मग लांबत जाणारा तो घोगरा स्वर.

ऑपरेशननंतर तो दुकानात आला, गळ्याशी पांढरा रुमाल बांधून. सोबत वहिनी आणि मुलगी. आवाजाचं त्यांच्यापुढे काढू नका, असं मी शेठला आणि भाच्याला आधीच सांगून ठेवलं होतं. भाच्याने कॉम्प्युटर लावून दिला. मुलगी बापाच्या मांडीवर. पहिला दरवाजा आला, वाटाड्या बोलायला लागला.

"बाबा! आई, बाबा बोलले!"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "अगदी ह्यांचाच. घसा बसायच्या आधीचा."

मित्र पडद्याकडे बघत होता. वाक्य संपलं तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग समोर हिशेब आला, अगदी सोपा, आणि त्याने चुकीचं उत्तर दाबलं. वाटाड्या खंदकात पडला. "आगो आयऽऽ!"

पुन्हा तोच हिशेब. पुन्हा चूक. पुन्हा खंदक.

"बाबा, असं काय करताय! सोपं आहे की," मुलगी म्हणाली. "आमच्या बाईंनी उभं केलं असतं तुम्हाला."

"साईं, आगे जाओ, आगे. आगे बहुत बढ़िया है," शेठ म्हणाला.

तो पुढे गेला नाही. पुन्हा पुन्हा चुकत राहिला, आणि प्रत्येक वेळी ती आरोळी मान किंचित कलती करून ऐकत राहिला. वहिनींना वाटलं, त्याला बटणं कळत नाहीत. त्या म्हणाल्या, "द्या तिला, ती करेल." त्याने की-बोर्ड मुलीकडे सरकवला. उठला, माझ्यापाशी आला आणि पाठीवर थाप मारली. नाटक संपल्यावर विंगेत येऊन मारायचा तशी. ती शाबासकी होती, क्षमा होती की 'जाऊ दे आता' होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. त्याच्याजवळ वाचा नव्हती, पण हातवारे होते, ओठ होते. कुटुंबाला सांगायचं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्याने सांगितलं नाही, याचा अर्थ मला मोकळीक मिळाली, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. ते माझ्या सोयीचं होतं.

पुढचा गणपती त्याने पाहिला नाही.

मुलगी मात्र तो गेम खेळत राहिली. इतकी तरबेज झाली की वाटाड्या तिच्याकडून कधी पडेचना. तिला पुढच्या दरवाज्याची गोष्ट ऐकायची असायची, म्हणजे माझी. मी त्यांच्या घरी गेलो की शेवटच्या दरवाज्याचं वाक्य मला म्हणून दाखवायची. "काका, बघा हं, बाबांसारखं येतंय का?" यायचं. थांबायच्या जागासुद्धा बरोबर. पण त्या जागा माझ्या होत्या. घुमणाऱ्या खोलीत, समोर कुणी नसताना, नुसत्या नकलेतून आलेल्या. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती त्याच ढबीत बोलली आणि बक्षीस घेऊन आली. गावातले म्हणाले, बापावर गेलीय. मी पेढा खाल्ला.

आता ती संसारी बाई आहे, तिचाच मुलगा शाळेत जातो. मध्यंतरी तिचा फोन आला. कुणा ओळखीच्या मुलाने जुन्या सीडीतून सगळे आवाज वेगळे काढून दिले होते. खुशीत होती. "काका, बाबांची सगळी वाक्यं पाठवते तुम्हाला. ते पडतानाचे आरडाओरडे तेवढे काढून टाकले, ते कशाला हवेत?"

मी म्हणालो, "बरं."

म्हणजे मी पुन्हा तेच केलं. पहिल्या वेळी चाळिशीही गाठली नव्हती, हेवा होता, घाई होती. या वेळी तसलं काहीच नव्हतं. जीभ उचलायची होती, उचलली नाही. फोन ठेवल्यावर तिने पाठवलेलं एक वाक्य ऐकलं. नक्कल उत्तम आहे. अभिनय म्हणून त्यात काही नाही.

मूळ सीडी तिच्या कपाटात आहे, हे मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारून घेतलं. का विचारतोय, ते सांगितलं नाही. तिने ती अजून टाकलेली नाही.

मी तिला तिच्या वडिलांचा आवाज देणं लागतो. तो त्या सीडीवर आहे, खंदकात पडतानाचा. बाकीचा सगळा मी आहे, आणि जे होतं ते माझ्या सांगण्यावरून पुसलं गेलं. हे बदलापूरला तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.