मंगलताईंचा माळा भरला

सर्व्हरवर लॉग नावाची एक फाईल असते. काय बिघडलं, कधी बिघडलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. ती फार फुगली की मी पुसून टाकतो. पण सगळ्यांच्या मेल ज्या डब्यात येतात, त्या मेल सर्व्हरपायी झालेले किस्से कसे पुसणार? मुरबाडला प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. संध्याकाळी सापगावला घरी पोचलो की बायको विचारते, "आज काय झालं?" आणि काहीतरी झालेलं असतंच!

*

पहिला किस्सा आमच्या साहेबांचा. साहेब कल्याणचे, ऑफिसचे मॅनेजर. मेल उघडली नाही की थेट माझ्या टेबलाशी. एकदा असेच आले आणि स्क्रीनवरची ओळ वाचायला लागले.

"काय म्हणतंय हे?"

"व्हर्च्युअल मेमरी मिळत नाही म्हणतंय. संपली."

"व्हर्च्युअल म्हणजे?"

"म्हणजे... अगदी खरी नाही, साहेब. मशीनने मानलेली."

साहेबांनी चष्मा काढला. "जे मुळात नाहीच, ते संपलं कसं रे?"

चार वर्षं कॉम्प्युटर शिकलो, पण हा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता. मी म्हटलं, "बघतो."

*

डिस्पॅचच्या मंगलताई टोकावड्याहून एसटीने येतात. त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली चालत नाही. "दिनू, मला समजंल असं सांग."

मी सांगितलं, "ताई, मेमरी म्हणजे घरातली पडवी. पडवीत सामान मावेना झालं की आपण माळ्यावर टाकतो ना? मशीनपण टाकतं. आता पडवीपण भरली नि माळापण."

"मंग माळा भरला असं सांग ना सरळ! कवापासून मेमरी मेमरी करतोय!"

त्या दिवसापासून ऑफिसातून एरर हा शब्दच गेला. परचेसवाले फोन करायचे, "अरे, माळा भरला!" साहेबांच्याही तोंडात तोच शब्द बसला. त्यांनी हेड ऑफिसला चक्क इंग्रजीत कळवलं, की माळा फुल झाल्यामुळे मेल उशिरा येतील.

तिकडून तासाभरात उत्तर आलं, "मिस माला यांचं काम दोघांत वाटून द्या."

*

मग नवी रॅम, म्हणजे जादा मेमरी, आली. मी बसवली, साहेबांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलताई दारात उभ्या. "पेढा गोड होता रे. माळा भरलेलाच हाय."

बाकी सगळ्यांच्या मेल उघडत होत्या, अडत होत्या फक्त ताईंच्या. आणि नेमकी त्यांनाच घाई. त्यांच्या लेकीने, सुषमाने, नर्सिंगचा फॉर्म भरलेला. घरी रेंज नाही, म्हणून फॉर्म आमच्याच ऑफिसात भरला आणि मेल दिली आईची. त्यांच्या घरात बारावीच्या पुढे गेलेलं कोणीच नाही. ताई तासातासाला विचारायच्या, "आली का रे सुषमाची मेल?" मला तर त्यांच्याकडे बघायची लाज वाटायला लागली होती.

मी म्हटलं, "ताई, जुन्या मेल काढून टाका. सात वर्षांत तुम्ही एकही डिलीट केलेली नाही!"

"का म्हणून? दारी आलेल्याला कोणी हाकलतं काय?"

*

आणि मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा होते, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. नियम कंपनीचा नाही, मंगलताईंचा! सकाळी त्यांनीच सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि मला दम भरला, "आज याला बोट लावलंस तर बघ."

हात लावायचा नाही, पण बघायला कोणाची ना? आदल्या दिवशी कागदावर छापून घेतलेला लॉग बसल्या बसल्या वाचत होतो, आणि दुपारी एकदम ट्यूब पेटली. एका मेलबॉक्सने एका वेळी किती मेमरी घ्यायची, याचं माप दोन वर्षांपूर्वी मीच घालून ठेवलं होतं आणि साफ विसरलो होतो. घरात पोतंभर तांदूळ, आणि ताईंना वाढायला मी ठेवलेली वाटी एवढीशी! सात वर्षांच्या मेल त्यात मावणार कशा? डोक्याला हात लावला.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. कॉलेजमधून होता. सुषमाचा नंबर लागलाय, मेल सकाळीच पाठवलीय, पाचच्या आत त्याच मेलवर लेखी होकार द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी ओरडलो, "ताई, माप वाढवतो नि मेलची सर्व्हिस परत चालू करतो. पाच मिनिटांचं काम!"

साहेब मधे आले. "अरे, पूजा झालेल्या अवजाराला हात?"

सगळे ताईंकडे बघायला लागले. ताईंनी एकदा हाराकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"सायेब, पूजा आमी डब्याची केली. हा हात लावतोय ती व्हर्च्युअल. जे मुळात नायच, त्याला हात लावला तर मोडतंय काय?"

साहेबांनी स्वतः हार बाजूला धरला!

माप वाढवलं. सर्व्हिस चालू झाली. ताईंच्या सात वर्षांच्या मेल एकेक करून उघडल्या आणि सगळ्यात वर कॉलेजची. खाली लिहिलेलं होतं, उत्तरात फक्त "हो" लिहा.

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पदराने बोटं पुसली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "हो. येते. जेवण मिळतं ना तिथं?"

"अहो ताई, फक्त हो लिहायचं होतं!" साहेब ओरडले, पण मेल गेली होती.

मग कोणी जागेवरून हललंच नाही. पाचला सात मिनिटं कमी असताना उत्तर आलं.

"मिळतं."