ब्रेकसरांची पुडी

आमचे ब्रेकसर खडू क्वचितच हातात घेत. बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा हा माणूस दोन पोरांना समोरासमोर उभं करायचा. एकानं दुसऱ्याच्या हातावर भराभर टाळ्या मारायच्या; हात लाल झाला की मार खाणाऱ्यानं उलट मारणाऱ्याच्या छातीवर तळवा टेकवून ओरडायचं, "बस बे!"

"हा तळवा म्हणजे अंगातला गांजा," सर म्हणायचे. "एका मज्जापेशीकडनं दुसरीकडं निरोप पुढं जातो, ब्रेक मागं येतो. मज्जापेशी हा माल साठवत न्हाई. गरज पडली की आपल्याच चरबीतून बनवते, काम झालं की मोडून टाकते. चिलमीतला गांजा ह्या मालाच्याच कुलपात घुसतो, पण वेळी-अवेळी, सगळीकडं, आन् लई वेळ."

इतकं सोपं सांगणारा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. त्यांची चीड येते ती म्हणूनच.

खुल्या बाजाराचं वारं आमच्या खेड्यांपर्यंत उशिरा पोचलं. आमच्या नेकनूरच्या टपरीवर शीतपेयं आली, पाठोपाठ एका पुढाऱ्याच्या जावयाची, सगळ्या दुखण्यांवर चालते म्हणून विकलेली 'आनंद पुडी' आली. सरांच्या मुलाला त्या जावयाकडे नोकरी लागली आणि कपिलधारच्या जत्रेत सर स्टेजवर चढले. तोच टाळ्यांचा खेळ करून म्हणाले, "ही पुडी तुमचा आतला ब्रेक जागा करते." पत्रकावर त्यांचं नाव, एमएस्सीसकट. सर बोलले म्हणजे खरंच, असं मानणाऱ्या भोळ्या माणसांना त्यांनी शुद्धीत राहून विकलं.

माझ्या ताईला मिरगीचा त्रास. झटक्यांनाही ब्रेक लागेल म्हणून तिनं दवाखान्याच्या गोळ्या सोडून पुडी धरली. पंधरा दिवसांत झटका आला, तोही चुलीपुढं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

सर सफरचंदं घेऊन घरी आले. मी दारातच अडवलं. "कावून आलात?"

"येऊ दे रे त्यांना," आतून ताई म्हणाली. मग तिनं विचारलं, "सर, त्या पुडीत काय हाय?"

"मला ठाव न्हाई, बाई."

"मग नाव कावून दिलं?"

"पोरगा घरी बसून होता."

"मग आता हेच जत्रेत सांगा. तेवढ्याच मोठ्यानं."

सरांनी मान डोलावली. माझ्या भोळ्या ताईनं विश्वास ठेवला.

पुढच्या जत्रेत आम्ही पहिल्या रांगेत बसलो. सर आले नाहीत. कॉलेजची नोकरी सोडून ते मुलाकडे औरंगाबादला गेले होते. पुडीचं पत्रक मात्र त्यांच्याच नावाचं वाटलं जात होतं. ताईनं ते वाचलं, घडी घातली आणि स्टेजवर चढली. माईक कुणी दिला नाही. तिनं बाही कोपरापर्यंत वर सारली आणि भाजलेला हात लोकांसमोर धरून तशीच उभी राहिली.