यादीत न सांगितलेली चाचणी

अक्कम्मा म्हणजे हट्टी बाई. अक्कलकोटकडची. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि रागावली की दोन्ही एकदम. सोलापुरात सात रस्त्यावर एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी आहे, तिथं तिनं चौदा वर्षं एकच काम केलं. नवं काही तयार झालं की दवाखान्याकडं जाण्याआधी ते हातानं तपासायचं. खोटा पेशंट भरायचा, ॲडमिट करायचा, औषध लिहायचं, घरी सोडायचा. मग दुसरा. डोळ्यात तेल घालून. आपल्या हातून चूक सुटत नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ऐकवणारच की! बारावी शिकलेल्या बाईला इंजिनियर लोक "मॅडम, एकदा बघून द्या" म्हणतात, हे काय थोडं झालं?

मग संगमेश आला. पुण्यात दहा वर्षं नोकरी करून परतलेला, स्वभावानं गरीब. मालक इंद्रजीत सरांनी त्याला सांगितलं, तपासणी आपोआप व्हायला पाहिजे. म्हणजे अक्कम्मा जे हातानं करते ते आता प्रोग्रॅम करणार. तोच पेशंट भरणार, तोच बटणं दाबणार. बरोबर असलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. अक्कम्माला दोन दिवस लागायचे, त्याला वीस मिनिटं.

"मॅडम, तुमच्या डोक्यात जे जे आहे ते सगळं सांगा," संगमेश म्हणाला. "मी एकेक करून घालतो."

आपल्याच हातानं आपली खुर्ची काढून द्यायची, हे न कळायला ती काय खुळी होती? तरी तीन महिने सांगत राहिली. एक दिवसाचं बाळ, आडनाव नसलेला म्हातारा, एकाच गावचे तीन भीमाशंकर. संगमेश "अरे बापरे!" म्हणायचा आणि तिला बरं वाटायचं. चाचण्या चारशे बारा झाल्या.

एक मात्र तिनं सांगितली नाही.

तिच्या घरात लग्नात मुलीचं नावच बदलतात. ती स्वतः माहेरची सिद्धेश्वरी. लग्नाआधी दवाखान्यात एका नावाचं कार्ड निघतं, लग्नानंतर दुसऱ्या नावाचं. बाई एकच, कार्डं दोन. ती जोडली की जुन्या कार्डावरचा इशारा, अमुक औषध हिला चालत नाही, हा नव्या कार्डावर दिसला पाहिजे. नावं वेगळी असली की हे मधूनमधून तुटायचं आणि दर वेळी अक्कम्माच पकडायची. कार्डं जोडायची चाचणी संगमेशनंही लिहिली होती, पण दोन्ही कार्डांवर नाव एकच. त्याला कुठलं सुचायला! 'एवढं एक माझ्यापाशी राहू दे,' ती मनाशी म्हणाली. 'कधीतरी तुटंल, मग येतील बोलवायला.'

सगळ्या खुणा हिरव्या झाल्या त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. महिनाअखेरीला सरांनी तिला शाल-नारळ दिला, दोन चांगले शब्द बोलले, आणि अक्कम्मा घरी बसली. या वयात दुसरीकडं कोण विचारतंय? फोन वाजला की ती हात पुसत धावायची. कुठल्या तरी कर्जाची जाहिरात असायची. रोज सकाळी नऊला, ऑफिसच्या वेळेला, तिला नुसतं रडू यायचं.

महिन्याभरानं ती सोलापूरला काही कामासाठी आली आणि दुपारच्या एसटीनं अक्कलकोटकडं परत निघाली. शेजारी एक पोटुशी पोर आणि तिची आई. मांडीवर फाईल, कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका दवाखान्याची. फाईलवर नाव वैजयंती आणि आई हाक मारत होती सोनाली.

"दोन्ही नावं सांगितलीसा का तितं?" अक्कम्मानं विचारलं.

"कॉम्पुटरात जोडलंय म्हनं की," आई म्हणाली. "हिला एका इंजेक्शनचा लई तरास व्हतोय, ते बी हाय म्हनं त्यात."

अक्कम्मानं त्यांना इंजेक्शनचं डॉक्टरांना तोंडानं सांगायला बजावलं, पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट येणाऱ्या गाडीनं थेट सात रस्ता गाठला.

संगमेशनं ऐकलं, दहा मिनिटांत चाचणी लिहिली, चालवली. लाल. गेल्या महिन्याच्या बदलात ते तुटलं होतं.

इंद्रजीत सर केबिनमधून बाहेर आले. "बघा! चारशे बारा चाचण्यांना नाही दिसलं ते मॅडमना दिसलं. मॅडम, सोमवारपासून या. माणूस पाहिजेच इथं." अक्कम्माचे डोळे भरून आले. देवा, हेच तर मागत होते, असं तिला वाटलं.

तोवर संगमेश त्या दवाखान्याशी फोनवर बोलत होता. अशी कार्डं किती, कुणाकुणाची, विचारत होता. मग तो नुसता ऐकायला लागला. फोन ठेवून म्हणाला, "अकरा बायका आहेत. एकीला नऊ दिवसांपूर्वी तिला न चालणारंच इंजेक्शन दिलं गेलं. बाई वाचली. पोटातलं बाळ गेलं."

सर खुर्चीत बसले.

"ही केस यादीत राहिली कशी?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडून राहिली असणार, सर," संगमेश म्हणाला. "मॅडमनी सांगितली असेल, मीच लिहिली नसेन." त्याला खरंच तसं वाटत होतं. ही बाई काही सांगायची ठेवेल, हे त्याच्या मनातही येणार नव्हतं.

अक्कम्मानं फक्त गप्प बसायचं होतं. सोमवार चार दिवसांवर होता.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्याची काय चूक न्हाय. मी सांगितलीच नव्हती. मला म्हाईत होती, मी ठेवून घेतली. तुमी बोलवाल म्हणून."

संगमेशनं मान खाली घातली. सरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि दवाखान्याला परत फोन लावला.

सोमवारचं नाव मग कुणी काढलं नाही. तिनंही विचारलं नाही.