टिकल्यांचा द्राक्षघड

मैत्रिणींनो, इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीतली मुलं रविवारी माझ्याकडे चित्रं करायला येतात. डाळी, कांद्याची सालं, जुनी बटणं, घरात असेल ते चिकटवायचं.

आज सात वर्षांच्या ओवीने माझ्या ड्रॉवरमधून टिकल्यांची पाकिटं शोधून आणली.

"काकू, काका वारल्यापासून तुम्ही लावत नाही ना? मग मी घेऊ?"

तिची आई दारातच होती. "ओवी, गप्प बस!"

"घे गं," मी म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. पाच महिने असंच चाललंय.

ओवीने मरून रंगाच्या टिकल्यांचा द्राक्षांचा घड केला. एकही टिकली उरली नाही.

लावू नको असं मला कुणीच म्हटलं नव्हतं. तेराव्यानंतर माझाच हात तिकडे गेला नाही. आता वाटतंय, एक पाकीट ठेवायला हवं होतं. तुम्ही ठेवलं असतं का?