अजून थोडा निळा

"भाऊ, फ्रेम खोला न जरा."

दुकानाची पायरी चढता चढताच मॅडम हे म्हणायच्या. गडचांदूरात माझं फ्रेमचं दुकान आहे. देवादिकांचे, लग्नाचे, गेलेल्या माणसांचे फोटो मी मढवतो. बसवलेली फ्रेम पुन्हा उघडायला लावणारं गिऱ्हाईक मात्र ते एकच.

त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळेच्या सहलीत एकदाच, अर्धा दिवस, त्यांनी आंध्राकडचा समुद्र पाहिला होता. तेव्हापासून त्या तोच रंगवत. चित्रात ना होडी, ना लाट; नुसते रंगाचे पट्टे. वरची बाजू कोणती, हे मला विचारावं लागे.

"पाणी नाई पाह्यलं मी, भाऊ. रंग पाह्यला. तोच येऊन नाई राह्यला."

उन्हाळ्यात ॲक्रिलिक ताटलीतच वाळून जाई. मग त्या ताटलीवर ओलं फडकं टाकून, घाईघाईनं, उभ्यानंच रंगवत. मी खिळे काढायचो, त्या चित्र घरी नेऊन अजून थोडा निळा चढवायच्या आणि आठवड्यानं परत आणायच्या. एक चित्र त्यांनी पाचव्यांदा उघडायला सांगितलं, तेव्हा मी ते मागूनच घेतलं आणि घरी लावलं.

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरला त्याच दिवशी मॅडम आमच्या घरी आल्या आणि भिंतीवरच्या त्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"इतकं भडक?" त्या हळूच म्हणाल्या. "मले तं निळा कमीच दिसे. मोतीबिंदूनं डोळाच पिवळा झाला होता, भाऊ."

स्वतःच्या घरातल्या सगळ्या चित्रांवर त्यांनी पांढरा रंग फिरवला. चार दिवसांनी आमचंही न्यायला आल्या. बायको दारात उभी राहिली. आदल्या वर्षी कावीळ होऊन ती दोन महिने त्या चित्रासमोर पडून होती.

"हे नाई देत, मॅडम."

"चुकलं हाय ते, बाई."

"असन. पण मी रोज त्याच्याकडंच पाहून राह्यली होती. दुसरं काई पाहावंसं वाटे नाई. तुमी ते काऊन पुसून टाकता?"

मॅडम खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. चहा घेतला आणि रिकाम्या हातानं गेल्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी समुद्रकाठी खोली घेतली. जेमतेम चार महिने तिथे राहिल्या. छातीत दुखायचं निमित्त झालं आणि गेल्या, असं भाचीनं फोनवर कळवलं. तिथे काय रंगवलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मला दिसतं ते बल्लारशाचं स्टेशन. त्या समुद्राकडे राहायला निघाल्या, तेव्हा मी पोचवायला गेलो होतो. गाडीला उशीर होता आणि मॅडम भर दुपारी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होत्या. डब्यात चढल्यावरही सीटवर बसल्या नाहीत. दाराशी उभ्या माणसाला विचारलं, "समुद्र कोणत्या बाजूनं दिसन?"

"तो उद्या येईन, बाई," तो म्हणाला.

मॅडमनी मान डोलावली. गाडी हलली, तरी त्या दारातच उभ्या होत्या.