नव्या कुलपाची तिसरी किल्ली

गेल्या रविवारी मी घराबाहेर अडकले... आणि आत गॅसवर कुकर होता.

आई-बाबा नाशिकला आत्याकडे गेलेत. कचऱ्याच्या गाडीची शिट्टी ऐकली म्हणून पिशवी घेऊन खाली धावले. हातात फोन होता, किल्ली नव्हती. परत आले तर दार लॅचने बंद, आणि आत कुकरची चौथी शिट्टी...

आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "डी ब्लॉकमध्ये जा. शाहिदाकडे किल्ली आहे."

"अगं, कुलूप मी दिवाळीत बदललंय."

"नव्याचीच आहे, तिसरी. आधी पळ, मग विचार."

पळाले. पण आमच्या कॉलनीत ए ब्लॉकमधून डी ब्लॉकमध्ये जाणं म्हणजे नुसता रस्ता ओलांडणं नाही, ते इथे थोडं सांगायला हवं.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. बाबांच्या बदल्या चालू होत्या, त्यामुळे बँकेत जाण्याआधी तेच मला घरी शिकवायचे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नियम. म्हणून पाहिलं तेवढंच लिहिते.

आम्ही बंगालमध्ये बराकपूरला आलो तेव्हा फ्लॅट चिठ्ठ्या टाकून मिळाले होते, म्हणजे सगळे मिसळून. डी ब्लॉकमध्ये शाहिदा काकिमांचं, म्हणजे आपल्या भाषेत काकूंचं, दार आमच्या दारासमोर होतं. मग अदलाबदली सुरू झाली... कुणाला भावाशेजारी राहायचं होतं, कुणाला ऊन हवं होतं. नवीन भाडेकरूचं नाव ऐकून दलाल सांगायचा, तुम्हाला त्या बाजूला बरं पडेल. भांडण कधीच झालं नाही. पण काही वर्षांत ए आणि बी हिंदू, सी आणि डी मुसलमान, अशी कॉलनी झाली. मैदानावरच्या क्रिकेटच्या टीमसुद्धा तशाच.

आम्हीही ए ब्लॉकमध्ये आलो. मी बारा वर्षांची होते. भिंतींना ओल येते, असं बाबा म्हणाले होते. ओल होती, मी पाहिली आहे. पण नव्या घरात त्याहून जास्त होती.

त्यानंतर मी त्या जिन्यात पाऊल टाकलं नव्हतं. काकिमा बस स्टॉपवर दिसायच्या, मी लांबूनच हसायचे. आता जायचं, तेही गरजेला... बेल वाजवली.

मी अर्धंच बोलले असेन. काकिमांनी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आगे गॅस, पॉरे कॉथा." आधी गॅस, बोलणं नंतर.

गॅस बंद केला तेव्हा डाळ खाली लागली होती, बाकी काही नाही. मी जमिनीवरच बसले. थोड्या वेळाने गुडघे सांभाळत काकिमा वर आल्या. वरची डाळ काढून घेतली, फोडणी दिली आणि मला सुनावलं, की तुझी आई दर महिन्याला येते, तूच तेवढी पाहुण्यासारखी हसतेस.

मग त्यांनी विचारलं, "आमच्या दाराची किल्ली कुठे लावली आहे?"

मला कळेना. त्यांनीच इकडेतिकडे बघून मसाल्याच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे हिरव्या दोऱ्याची एक किल्ली कायम लटकलेली असते. जुन्या ट्रंकेची समजून दिवाळीच्या साफसफाईत मी ती फेकायच्या पिशवीत टाकली होती. आईने काही न बोलता ती काढून परत लावली होती.

संध्याकाळी बाबांना फोनवर ओलीबद्दल विचारलं.

"ओल थोडीच होती गं," ते म्हणाले. "सगळे निघाले होते, मीही निघालो. तुझ्या आईला यायचं नव्हतं."

मला राग आला नाही. त्यांना ते सांगणं किती जड गेलं, ते ऐकू येत होतं. नाशिकहून आल्यावर काकिमांकडे जाईन, असंही तेच म्हणाले, मी न सुचवता.

एवढ्याने आमची कॉलनी परत मिसळेल, असं मी म्हणणार नाही. पण दोन ब्लॉकमध्ये दोन किल्ल्या इतकी वर्षं लटकत होत्या, आणि कुलूप बदललं तरी किल्ली पोचत होती... अशा आणखी किती असतील, कोण जाणे.

उद्या रविवार. मी डी ब्लॉकमध्ये जाणार आहे. गॅस बंद असेल आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.