उडती अक्षरं आणि माझी दहा मिनिटं

अशा गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही, त्या आपोआप साठतात. एका प्रशिक्षणात मी स्क्रीनवर एक अक्षर उडवून दाखवलं, ही माझी चूक. तेव्हापासून बदनापूरकडच्या आमच्या केंद्रात कुणाच्याही पीपीटीचं अ‍ॅनिमेशन बिघडलं की मलाच हाक. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत मला माझ्या वर्गाबद्दल बोलायला दहा मिनिटं ठरलेली. तीन महिने ती मिळालीच नाहीत!

*

पहिल्या महिन्यात गायकवाड सर. त्यांचं अक्षर न् अक्षर वेगळ्या क्लिकवर नाचत यायचं. सगळ्यांचा चहा झाला तरी सर 'उद्दिष्टे'पाशीच. शेवटी मी ते नाचणं काढून टाकलं, तर माझ्यावरच चिडले. "चार दिवस बसून केल्तं मी ते!"

*

मग आमचे मुख्याध्यापक. पाहुणे म्हणून आलेल्या शिक्षणाधिकारी साहेबांच्या फोटोला येण्याचा इफेक्ट द्यायचा, तर यांनी जाण्याचा दिला. नाव पुकारलं आणि साहेब गिरक्या घेत स्क्रीनबाहेर. खरे साहेब समोरच बसलेले.

"सर, साहेबाला जल्दी वापस आणा," मुख्याध्यापक माईकवरून मला म्हणाले. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांना घालवलं.

*

तिसऱ्या महिन्यात डिजिटल दीपप्रज्वलन. स्क्रीनवर समई, पाच वाती, पाच पाहुणे. पाहुण्यानं हात पुढे करायचा, मी मागून क्लिक करायचं. पण पवार बाईंनी ज्योती आपोआप पेटतील असं लावून ठेवलेलं. पाहुण्यांचे हार चालू असतानाच समई पेटून मोकळी!

पाहुणे रुसले. मी म्हणालो, विझवून पुन्हा लावतो. तर केंद्रप्रमुख आडवे आले. "पेटलेला दिवा विझवायचा न्हाई, सर. अशुभ असतंय." मग मी दुसरी समई शोधली आणि तिच्यावर मानाच्या क्रमानं पाच ज्योती बसवल्या. माझी वेळ त्यातच गेली. संताप नाही येणार तर काय होणार?

*

चौथ्या महिन्यात माझी दहा मिनिटं एकदाची मिळाली. सहा साधे फोटो आणि शेवटी एक व्हिडिओ. तिसरीतल्या रेणुकाला जूनमध्ये अक्षरओळख नव्हती, व्हिडिओत ती अख्खा धडा वाचते. मला एवढंच दाखवायचं होतं.

दुसऱ्याच फोटोला केंद्रप्रमुखांनी हात वर केला. "सर, तुमचं काहीच हलून न्हाई राह्यलं. बिघडलं वाटतं."

मी काही बोलायच्या आत गायकवाड सर उठले आणि मला खुर्चीवरून प्रेमानं बाजूला केलं. "तुम्ही आमचं किती केलं. बसा, मी करून देतो बराबर."

नऊ मिनिटांनी रेणुकाच्या नावाचं पहिलं अक्षर नाचत आलं.